जुने जपानी आणि युरोपीय भयपट: नवख्याने कुठून सुरू करावं आणि कसं बघावं

कार्ल ड्रायर या डॅनिश दिग्दर्शकाच्या १९३२ सालच्या 'व्हॅम्पिर'पायी मी हातचा मेव्हणा घालवला. मेव्हणा सुखरूप आहे, दर भाऊबीजेला आमच्याकडेच जेवतो. पण 'एखादा जुना भुताचा पिक्चर लावू का?' म्हटलं की चपला शोधायला लागतो. चूक सर्वस्वी माझी. रात्रीचे साडेअकरा, पोटात बिर्याणी आणि समोर मच्छरदाणीतून बघितल्यासारखं धुरकट, जेमतेम बोलणारं चित्र. पंधराव्या मिनिटाला हॉलमध्ये घोरणं सुरू झालं.

त्या रात्री त्याला एक फ्रेंच खुनाची गोष्ट दाखवली असती, तर आज तोच मला नवी नावं सुचवत असता. तेव्हापासून कुणी विचारलं की मी नुसती नावं पाठवत नाही. आधी कुठला आणि त्यानंतर कुठला, ते सांगतो. आजच्या भयपटात थोड्या थोड्या वेळाने दचकायला मिळतं. या जुन्यांत तासभर कुणी दारामागून उडी मारत नाही. भरदिवसा तळ्यापलीकडे एक बाई नुसती उभी असते. तिच्याकडे बघत बसण्याची सवय लागावी लागते आणि ती टप्प्याटप्प्यानेच लागते. खालचा क्रम त्या हिशेबाने लावलेला आहे. इतिहासाच्या क्रमाने गेलात तर १९२० मध्येच अडकून पडाल.

लावण्याआधी

सगळ्यांत आधी साल बघा. यातल्या बऱ्याच चित्रपटांच्या नंतर नव्या आवृत्त्या निघाल्या आणि नावं तीच राहिली. 'नोस्फेरातू' शोधलंत तर १९२२, १९७९ आणि २०२४ असे तीन हाती लागतात. 'सुस्पिरिया' १९७७ चा हवा असतो, समोर येतो २०१८ चा. 'द विकर मॅन' १९७३ ऐवजी २००६ चा लावलात तर भीती राहील बाजूला, हसून पोट दुखेल. म्हणून शोधताना नावाबरोबर साल आणि दिग्दर्शक दोन्ही टाका.

मग टीव्ही. हालचाल गुळगुळीत करणारं जे सेटिंग हल्लीच्या टीव्हीत आपोआप चालू असतं, ते बंद करा. त्याने १९६० सालचा चित्रपट कालच्या मालिकेसारखा दिसायला लागतो. जुनं चौकोनी चित्र ताणून पडदाभर करू नका, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्या. दिवे बंद. फोन दुसऱ्या खोलीत. पंखा एकवर ठेवा, कारण या चित्रपटांत आवाज फार बारकाईने वापरलेला असतो आणि निम्मी भीती कानातूनच येते. मी लॅपटॉपवर हेडफोन लावून बघितलेले काही चित्रपट मोठ्या टीव्हीवर बघितलेल्यांपेक्षा जास्त लक्षात राहिलेत.

जपानी चित्रपट जपानीतच बघा, सबटायटल लावून. डब केलेला आवाज आला की ताण गेलाच म्हणून समजा. इटालियन चित्रपटांना मात्र हा नियम लागू नाही. त्या काळी तिथे जवळजवळ सगळंच नंतर डब व्हायचं, एकाच दृश्यात दोन नट दोन वेगळ्या भाषांत बोलत असायचे. त्यामुळे 'सुस्पिरिया' इंग्रजीत बघितलात तर काही पाप लागत नाही.

हॉलमध्ये कोण बसलंय तेही बघून घ्या. 'ओनिबाबा' आणि 'डोन्ट लुक नाऊ' आईवडिलांसोबत लावायचे नाहीत. कारण सांगत बसत नाही, विसाव्या मिनिटाला तुम्हीच रिमोट शोधाल.

आणि कुठे बघायचे? विशीच्या दशकातले मूकपट इंटरनेटवर फुकट आणि राजरोस मिळतात. मुबी या ऑनलाइन चित्रपट दाखवणाऱ्या सेवेवर अधूनमधून यातलं काही येतं, काही जातं. क्रायटेरियन या अमेरिकी कंपनीने बरेचसे नीट दुरुस्त करून डिस्कवर काढले आहेत. डिस्क महाग असते, पण चित्र बघून पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. आसपास एखादी फिल्म सोसायटी असेल (मुंबईतलं प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून आहे) तर सभासद व्हा. अंधारात शंभर माणसं एकदम श्वास रोखतात, ते घरी मिळत नाही.

पहिली रात्र: शाळेतला हौद

'ले दियाबोलिक', १९५५, दिग्दर्शक आंरी-जॉर्ज क्लुझो. फ्रान्समधली एक कळकट निवासी शाळा. मुख्याध्यापक हलकट आहे. त्याची बायको हृदयाच्या दुखण्याने खंगलेली आहे आणि त्याची प्रेयसी त्याच शाळेत शिकवते. या दोघी बायका मिळून त्याला मारायचं ठरवतात. मारतात, वेताच्या मोठ्या पेटीत घालून आणतात आणि शाळेच्या पोहण्याच्या हौदात ढकलतात. हौदाचं पाणी हिरवट, वर पाला तरंगणारं. दोन-चार दिवसांत प्रेत वर येईल, अपघात ठरेल, असा हिशेब. दिवस जातात, प्रेत काही येत नाही. मग हौद उपसला जातो. पाणी उतरत जातं, तळ दिसायला लागतो...

इथेच थांबतो. नवख्यासाठी हा चित्रपट पहिला का, तर याला भुताखेतांचं काही वावडंही नाही आणि गरजही नाही. गोष्ट सरळ पकडून नेते. पण ती नेता नेता क्लुझो आपल्याला सवय लावतो: पाण्याकडे बघायची, नळाचा आवाज ऐकायची, बंद दाराच्या फटीतला उजेड न्याहाळायची. शेवटी पडद्यावर प्रेक्षकांना विनंती येते की तुम्हीही सैतानपणा करू नका, मित्रांना शेवट सांगू नका. नेटवर काहीही न वाचता बघा. मुख्याध्यापकाची बायको ख्रिस्तीना, तिच्या भूमिकेत व्हेरा क्लुझो आहे, दिग्दर्शकाचीच बायको. पाचच वर्षांनी ती खरोखरच हृदयविकाराने गेली. हे कळल्यावर चित्रपट दुसऱ्यांदा बघवत नाही.

दुसरी रात्र: सादाको

जपानची सुरुवात जुन्यापासून करू नका. 'रिंगु', १९९८, दिग्दर्शक हिदेओ नाकाता. मूळ कादंबरी कोजी सुझुकीची. एक व्हिडिओ कॅसेट आहे. ती बघितली की फोन येतो आणि सात दिवसांत माणूस मरतो. एक पत्रकार बाई तिचा माग काढते. दीड तासाचा चित्रपट आहे आणि त्यात रक्त जवळजवळ नाही. ज्यांनी घरात व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभर पिक्चर बघितलेत, त्यांना त्या कॅसेटच्या खरखरीनेच कसंतरी होईल. विशीतल्यांनी आधी ती वस्तू काय होती ते घरच्यांना विचारून घ्यावं.

शेवटाकडे केस पुढे सोडलेली एक आकृती चालत येते, तीच सादाको. तिची चाल अशी का दिसते हे सांगून ठेवतो, भीती त्याने कमी होत नाही. अभिनेत्रीला उलटं चालायला लावलं आणि ते चित्रण उलटं फिरवलं. म्हणजे दिसते पुढे येताना, पण अंगाचा तोल मागे जाणाऱ्या माणसाचा.

हे पांढरे कपडे आणि मोकळे केस नाकाताने शोधलेले नाहीत. पांढरा पोशाख जपानमध्ये प्रेताला घालतात. काबुकी नाटकांत भुतं अशीच यायची, आणि यायची ती बहुतेक उन्हाळ्यात, कारण अंगावर शहारा आला की उकाडा कमी वाटतो अशी तिकडची समजूत. पितरांचा ओबोनचा सणही त्याच दिवसांतला. १८२५ मध्ये रंगभूमीवर आलेलं ओइवा नावाच्या बाईचं नाटक यातलं सगळ्यांत गाजलेलं: नवऱ्याने दगा दिलेली, विषाने चेहरा विद्रूप झालेली, केस विंचरताना पुंजकेच्या पुंजके हातात येणारी ओइवा. नोबुओ नाकागावाने १९५९ मध्ये त्यावर केलेला रंगीत 'तोकाइदो योत्सुया काइदान' हा 'रिंगु'नंतर लगेच बघण्यासारखा. सादाकोची आजी तिथे भेटते. ओइवाचं काम करण्याआधी कलाकार आजही तिच्या नावाच्या देवस्थानात जाऊन हात जोडून येतात.

अशा सूड घेणाऱ्या आत्म्याला जपानी लोक ओन्र्यो म्हणतात. मराठी माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना की घाटावर जी कुजबुज सुरू होते, ती आठवा. कुणीतरी पुढे होतं आणि मोठ्याने म्हणतं, 'धाकटीच्या लग्नाची काळजी करू नका, आम्ही आहोत.' आणि कावळा येतो. इच्छा राहिली होती, शब्द मिळाला, सुटका झाली. 'रिंगु'ची नायिकाही जवळजवळ याच हिशेबाने चालते. तिचा हिशेब बरोबर निघतो का, ते बघा. युरोपातला व्हॅम्पायर नियमाने वागतो, क्रूस दाखवला की मागे सरतो, उन्हात मरतो. ओन्र्योशी असा सौदा करता येत नाही.

नाकाताचाच 'डार्क वॉटर' (२००२) पुढे कधीतरी बघा. घटस्फोटित आई, लहान मुलगी, जुनी इमारत आणि वरच्या मजल्यावरून छतातून गळणारं पाणी. मुंबईच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना आधी सोसायटीचे सेक्रेटरी आठवतात, मग हळूहळू ते आठवेनासे होतात.

तिसरी: दिवसाउजेडी भूत

'द इनोसंट्स', १९६१, ब्रिटिश, दिग्दर्शक जॅक क्लेटन. हेन्री जेम्सच्या १८९८ च्या लघुकादंबरीवरचा. सुरुवातीला पडदा काळाच राहतो आणि एक लहान मुलगी गात असते. टीव्ही बिघडला म्हणून उठू नका, तो तसाच आहे. मोठ्या एकाकी घरात दोन गोड मुलं, त्यांना सांभाळायला आलेली शिक्षिका, आणि तिला वाटायला लागतं की या घरात मेलेली दोन माणसं अजून वावरतायत. तिला वाटतं, की खरंच आहेत? डेबोरा करच्या चेहऱ्यावरून शेवटपर्यंत उत्तर मिळत नाही, आणि मजा त्यातच आहे.

तळ्यापलीकडे उभी राहणारी बाई म्हटलं, ती इथली. लव्हाळ्यांत, काळ्या कपड्यांत, पावसाळी उजेडात. ती काहीच करत नाही. फ्रेडी फ्रान्सिस या छायाचित्रकाराने कडा काळवंडाव्यात म्हणून काचेच्या फिल्टरना बाजूंनी रंग लावला होता. त्यामुळे मेणबत्तीच्या दृश्यांत अंधार चारी बाजूंनी आत सरकल्यासारखा दिसतो. पडद्याच्या मध्याकडे न बघता कडांकडे बघा. हे एकदा जमलं की पुढचे सगळे चित्रपट तुमचे.

चार रात्री: 'क्वाइदान'

आता मोठं काम. मासाकी कोबायाशीचा 'क्वाइदान', १९६४, सुमारे तीन तासांचा. १९६५ मध्ये याला कान महोत्सवात परीक्षकांचं विशेष पारितोषिक मिळालं. बहुतेक लोक एका बैठकीत बघायला जातात आणि मध्येच पेंगतात. तसं करायची गरजच नाही, कारण यात चार सुट्या गोष्टी आहेत. एका रात्री एक.

गोष्टी लाफ्कादिओ हर्नच्या. हा माणूस १८५० मध्ये ग्रीसच्या लेफ्काडा बेटावर जन्मला, आयर्लंडमध्ये वाढला, अमेरिकेत पत्रकारी केली, १८९० मध्ये जपानला गेला आणि तिथलाच होऊन कोइझुमी याकुमो झाला. १९०४ मध्ये गेला, त्याच वर्षी त्याचं 'क्वाइदान' हे पुस्तक आलं. जपानच्या आज्ज्यांच्या गोष्टी जगाला एका ग्रीक-आयरिश माणसाने सांगितल्या आणि जपानी लोकांनी त्या पुन्हा आपल्या म्हणून उचलल्या.

पहिल्या रात्री 'हिमस्त्री' लावा, ती चित्रपटात दुसरी येते. बर्फाच्या वादळात अडकलेला लाकूडतोड्या, श्वासाने गोठवणारी बाई, आणि 'हे कुणाला सांगितलंस तर बघ' अशी ताकीद. आकाशाकडे लक्ष ठेवा. कोबायाशीने विमानाच्या हँगरमध्ये सेट उभे केले आणि आकाश हाताने रंगवून घेतलं. त्या रंगवलेल्या आकाशात डोळे आहेत. सगळं खोटं आहे हे दिसत असतं, लपवायचा प्रयत्नच नाही, आणि तरीही मान वर करून बघायला नको वाटतं.

दुसऱ्या रात्री 'होइची', ही सगळ्यांत लांब. ११८५ च्या दान-नो-उराच्या समुद्री लढाईत हेइके घराणं बुडालं, त्यांचा बालसम्राटही बुडाला. त्या किनाऱ्यावरच्या मठात होइची नावाचा आंधळा गायक बिवा हे तंतुवाद्य वाजवून तीच लढाई गातो. रोज रात्री चिलखताचा आवाज करत कुणीतरी त्याला न्यायला येतं. थोर लोकांसमोर गायचं आहे म्हणून. ते थोर लोक कोण, हे आंधळ्या होइचीला दिसत नाही. मठातल्या भिक्षूला कळतं तेव्हा तो उपाय करतो: होइचीच्या अंगभर शाईने हृदयसूत्र लिहून काढतो. आपल्याकडच्या संस्कृत 'प्रज्ञापारमिताहृदया'चंच हे चिनी-जपानी रूप. जिथे जिथे अक्षर आहे, तिथे तिथे तो भुताला दिसणार नाही.

मी हे दृश्य पहिल्यांदा बघितलं तेव्हा तोंडातून रामरक्षा बाहेर पडली. गंमत म्हणून सांगत नाही. लहानपणी दिवेलागणीला पाठ केलेली रामरक्षा हेच तर करते, एकेक अवयव घेते आणि त्याला एकेक नाव चिकटवते: डोकं, कपाळ, डोळे. 'कौसल्येयो दृशौ पातु विश्वामित्रप्रियः श्रुती.' श्रुती म्हणजे कान. बुधकौशिकाने कान विसरले नव्हते. जपानी गोष्टीचं पूर्ण नाव 'कान नसलेला होइची' आहे, यावरून काय ते समजा. मठाच्या ओसरीवर तो सर्वांगावर काळी अक्षरं घेऊन निश्चल बसलेला असतो आणि चिलखत वाजत वाजत जवळ येतं. ती मिनिटं आवाज वाढवून बघा.

तिसऱ्या रात्री 'काळे केस'. गरीब बायकोला टाकून गेलेला सामुराई पस्तावून परत येतो. इथे तोरु ताकेमित्सूच्या संगीताकडे कान द्या. काय दिसतंय आणि काय ऐकू येतंय, त्यांची मुद्दाम फारकत केलेली आहे. लाकूड तडकल्याचे, फुटल्याचे आवाज येतात, आणि ज्या क्षणी किंचाळी हवी त्या क्षणी शांतता असते. चौथी 'चहाच्या पेल्यात' छोटी आणि अर्धवट सोडलेली आहे. मला ती तितकीशी लागत नाही, पण माझ्या एका मैत्रिणीच्या मते तीच खरी.

गवतातली सासू-सून

'ओनिबाबा', १९६४, दिग्दर्शक कानेतो शिंदो. चौदाव्या शतकातली यादवी. मुलगा लढाईवर गेलाय. सासू आणि सून माणसापेक्षा उंच गवतात झोपडी करून राहतात, वाट चुकलेल्या सामुराईंना भाल्याने मारतात, प्रेतं खोल खड्ड्यात टाकतात आणि चिलखतं विकून भरड धान्य घेतात. इतकं थंडपणे, की घरातलं रोजचं काम वाटावं. मग शेजारी लढाईवरून परत येतो, मुलगा येत नाही. सुनेचा पाय रात्री झोपडीबाहेर पडायला लागतो आणि सासूच्या हाती एक राक्षसी मुखवटा लागतो.

यात भूत आहे की नाही, यावर वाद घालता येतो. भूक आहे, वासना आहे, आणि एकटं पडण्याची धास्ती आहे. मी हा चित्रपट तीनदा बघितलाय आणि दर वेळी सासूची बाजू जरा जास्त पटत जाते. वयाचा परिणाम असेल. गवत वाऱ्याने हलतं आणि ढोल वाजतात, एवढ्यावर शिंदो घाम फोडतो. चारच वर्षांनी त्याने 'कुरोनेको' केला (१९६८). त्यातही सासू-सूनच आहेत, पण या वेळी सैनिकांनी मारलेल्या आणि काळ्या मांजराच्या रूपाने सूड घेणाऱ्या. त्यांना संपवायला जो सामुराई धाडला जातो, तो कोण असतो हे ओळखणं अवघड नाही. दोन्ही लागोपाठच्या शनिवारी बघा. 'कुरोनेको'तला बांबूच्या वनातला काळोख जुन्या फोनच्या पडद्यावर नुसता काळा ठिपका दिसेल, तेव्हा फोनवर मुळीच नाही.

आता मूकपट

इथवर आलात म्हणजे डोळा तयार झाला. आता 'नोस्फेरातू' (१९२२, मुर्नाऊ).

ही ड्रॅक्युलाची चोरून केलेली आवृत्ती. नावं बदलली, परवानगी घेतली नाही. ब्रॅम स्टोकरच्या विधवेने कोर्टात खेचलं, निर्मिती कंपनी बुडाली आणि १९२५ मध्ये सगळ्या प्रती नष्ट करायचा हुकूम झाला. काही प्रती इकडेतिकडे पोचल्या होत्या, म्हणून आज बघायला मिळतो. उन्हाने व्हॅम्पायर मरतो ही सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्टही इथूनच आली. स्टोकरच्या कादंबरीत काउंट दिवसाही फिरतो.

आणि म्हणूनच प्रत निवडताना काळजी घ्या. रात्रीची दृश्यं तेव्हा दिवसा चित्रित करून फिल्मला निळा रंग द्यायचे. नेटवर ज्या नुसत्या काळ्यापांढऱ्या प्रती फिरतात, त्यात हा निळा रंग नाही. मग उन्हाने मरणारा काउंट स्वतःची शवपेटी काखेत मारून भर दुपारी गावातून चाललेला दिसतो, आणि लोक म्हणतात, जुने लोक काय भोळे होते! भोळे नव्हते. निळ्या-पिवळ्या रंगांची, सुमारे दीड तासाची दुरुस्त केलेली प्रत शोधा. माणसं तुरुतुरु पळत असतील तर वेग चुकलाय, दुसरी प्रत बघा.

'डॉ. कॅलिगारी'चं (१९२०, रोबर्ट वीने) वेगळं. तिथे घरं वाकडी, खिडक्या तिरक्या, आणि सावल्यासुद्धा जमिनीवर ब्रशने रंगवलेल्या. सव्वा तासाच्या आसपास आहे. आधी हसू येतं, मग तो वाकडेपणा कुणाच्या डोक्यातला आहे असा प्रश्न पडतो.

या जर्मन उजेड-अंधाराचा एक धागा थेट मालाडला येतो. म्युनिकचा योझेफ विर्शिंग हा कॅमेरामन बॉम्बे टॉकीजमध्ये कामाला होता. १९४९ च्या 'महल'मधले झुलते झुंबर, जिने आणि सावल्या त्याच्या कॅमेऱ्यातल्या. 'नोस्फेरातू'नंतर 'महल' पुन्हा लावून बघा, अशोककुमारच्या मागची भिंत वेगळी दिसेल.

यानंतरच 'व्हॅम्पिर'. ड्रायरच्या कॅमेरामनने भिंगापुढे पातळ जाळीचं कापड धरून चित्रण केलं होतं, म्हणजे मेव्हण्याची मच्छरदाणीची तक्रार रास्तच होती. यात एक माणूस शवपेटीत पडल्या पडल्या, झाकणाच्या काचेतून आपलीच अंत्ययात्रा बघतो. कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या जागी आहे: वर झाडं, ढग, मनोऱ्याचं टोक सरकत जातं. पोट हलकं ठेवून, रात्री नऊला लावा.

मध्येच कधीही

कंटाळा आला किंवा मित्र जमले तर दोन गोंगाटी चित्रपट राखून ठेवा, दोन्ही १९७७ चे. दारिओ अर्जेंतोचा 'सुस्पिरिया': जर्मनीतली नृत्यशाळा, भिंतीभिंतीतून ओतलेला लाल-निळा रंग आणि गॉब्लिन बँडचं कान फाडणारं संगीत. गोष्टीत तर्क शोधू नका. नोबुहिको ओबायाशीचा 'हाउस': सात मुली सुट्टीत एकीच्या मावशीकडे जातात आणि घर त्यांना खायला लागतं. पियानो खातो, शब्दशः. दिग्दर्शक जाहिरातींतून आलेला होता आणि बऱ्याच कल्पना त्याने आपल्या लहान मुलीला विचारून घेतल्या होत्या. ते कळतं.

रशियन 'विय' (१९६७) मुलांनाही दाखवता येतो, दहाच्या वरच्या. गोगोलची गोष्ट, तीन रात्री देवळात प्रेताशेजारी प्रार्थना म्हणायची आणि भोवती खडूचं रिंगण. मोसफिल्म या रशियन स्टुडिओने आपले बरेच जुने चित्रपट स्वतःच यूट्यूबवर ठेवले आहेत, तिथे शोधा. जॉर्ज फ्रांझूचा 'आईज विदाउट अ फेस' (१९६०) मात्र जेवताना नको: मुलीचा अपघातात विद्रूप झालेला चेहरा परत मिळवण्यासाठी डॉक्टर बाप दुसऱ्या मुलींचे चेहरे काढून घेतो. शस्त्रक्रियेचं एक दृश्य पुढे ढकललंत तरी चालेल. एदित स्कॉबच्या मुखवट्याआडचे डोळे तेवढे चुकवू नका.

मिझोगुचीचा 'उगेत्सु' (१९५३) भयपटांच्या यादीत घालावा की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही. शेवटी कुंभार घरी येतो, कॅमेरा रिकाम्या घरातून एक फेरी मारतो, आणि परत येईपर्यंत चूल पेटलेली असते. भीती वाटत नाही. रडू येतं.

शेवटी ठेवायचे

निकोलस रोगचा 'डोन्ट लुक नाऊ' (१९७३), मूल गमावलेलं जोडपं आणि हिवाळ्यातलं व्हेनिस. ज्यांच्या घरात असं दुःख ताजं आहे, त्यांनी बघू नये, हे मी गंभीरपणे सांगतोय. ताकाशी मिइकेचा 'ऑडिशन' (१९९९) तासभर एका विधुराच्या दुसऱ्या लग्नाची हळुवार गोष्ट असल्यासारखा चालतो आणि मग जे होतं ते मी स्वतः बोटांच्या फटीतून बघितलं. तो कुणालाही न सांगता लावू नका, मैत्री तुटेल.

कियोशी कुरोसावाचा 'क्युअर' (१९९७) माझ्या मते या सगळ्यांतला सर्वांत भयंकर. (अकिरा कुरोसावाशी याचं काही नातं नाही.) साधी माणसं, शिक्षक, पोलीस, डॉक्टर, कुणाचातरी खून करतात, गळ्यावर फुलीचा घाव घालतात, आणि का केला ते त्यांना सांगता येत नाही. एक स्मृती गेलेला तरुण प्रत्येकाला फक्त विचारत असतो, 'तू कोण?' लायटरची ज्योत, फरशीवर पसरणारं पाणी. इथे कडांकडे बघायची सवय कामी येते. शेवटचं दृश्य अगदी साधं आहे, हॉटेलातलं. संपलं की शेवटची काही सेकंदं मागे जाऊन परत बघा, वेट्रेसकडे.

आणि सगळ्यांत शेवटी 'स्पूरलोस', १९८८, डच, दिग्दर्शक जॉर्ज स्लाउझर. त्यानेच १९९३ मध्ये हॉलिवूडमध्ये हाच चित्रपट पुन्हा केला आणि शेवट बदलला. तो चुकूनही लावू नका. सुट्टीवर निघालेलं जोडपं फ्रान्समध्ये पेट्रोल पंपावर थांबतं. ती थंड पेय आणायला जाते. येत नाही. भूत नाही, रक्त नाही, बहुतेक सगळं लख्ख उन्हात घडतं.

गेल्या मेमध्ये आम्ही पुण्याहून मुंबईला निघालो होतो. एक्सप्रेसवेवरच्या फूड मॉलला गाडी लावली, बायको म्हणाली, 'बसा तुम्ही, मी दोन मिनिटांत चहा घेऊन येते.' दहा मिनिटं झाली. मी गाडीतून उतरलो, परत बसलो, परत उतरलो. तिचा फोन सीटवरच होता. मागे बसलेला मेव्हणा कुरकुऱ्यांचं पाकीट फोडत म्हणाला, 'येईल हो ताई, रांग असेल.' त्याने 'स्पूरलोस' बघितलेला नाही.